फराळाच्या साइटवर गाडी अडली कुठे

पुण्याच्या कर्वेनगरातला एक घरगुती व्यवसाय. वर्षभर भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि चिवडा; दिवाळीत फराळाचे सगळे जिन्नस. सासू-सून मिळून चालवतात, कढईपाशी मदतीला तीन बायका. नावं इथे देत नाही. सासूबाईंना काकू आणि सूनबाईंना वहिनी म्हणू. प्रत्यक्षातही मी तशीच हाक मारतो. व्यवसाय वाढला तो फोनवर आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर. नंतर ओळखीतल्या एका मुलाने वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्स (त्याला जोडायचं ऑनलाइन दुकान) वापरून साइट करून दिली.

मी वेब डिझायनर. मला बोलावलं ते "साइट जुनाट दिसते, म्हणून ऑर्डरी येत नाहीत" या तक्रारीवर. एका एजन्सीचं कोटेशनही आलेलं होतं: नवा लोगो, नवी थीम (साइटच्या दिसण्याचा तयार साचा), पहिल्याच पानावर आपोआप चालणारा व्हिडिओ. आकडा बघून काकू म्हणाल्या, "एवढ्यात घरची चक्की येईल की हो."

साइट जुनाट होती हे खरंच. पण ऑर्डरी त्यामुळे अडल्यात का, हे कुणी तपासलं नव्हतं. साइटवर लोक येत होते, वस्तू कार्टमध्ये टाकत होते आणि तिथून पुढे गायब होत होते. थोड्या वेळाने त्यातलाच कुणीतरी व्हॉट्सॲपवर उगवायचा आणि तेच जिन्नस मागायचा. घ्यायचं तर होतं, साइटवर घेता येत नव्हतं.

व्हॉट्सॲपमधले प्रश्न

अशा कामात मी ॲनालिटिक्सचे आलेख नंतर बघतो, आधी चॅट वाचतो. वहिनींनी शेजारी बसून मागच्या हंगामातले मेसेज दाखवले. प्रश्न फिरून फिरून तेच. "बंगलोरला पाठवता का, कुरिअरचे किती?" "भाजणी चकलीची की थालीपिठाची?" "मेतकूट किती दिवस टिकतं?" "चिवड्यात लसूण आहे का? आमच्याकडे चालत नाही." "पैसे पाठवलेत, स्क्रीनशॉट बघा." आणि बराच वेळा: "मी बंगलोरला असतो, आईला सोलापूरला पाठवायचंय."

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर साइटवर नव्हतं. भाजणीच्या पानावर नुसतं 'भाजणी, पारंपरिक चव, घरची आठवण' असं लिहिलेलं. आता चकलीच्या भाजणीत तांदूळ आणि डाळी, थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी-बाजरी, गहू, धणे; एकीच्या जागी दुसरी गेली तर चकलीचा सोऱ्या गिऱ्हाईक तुमच्याच नावाने फेकून देईल. फोनवर काकू हे एका वाक्यात सांगतात. साइटवर 'घरची आठवण'.

सोलापूरच्या आईचा प्रश्न सगळ्यात महागात पडत होता. पैसे भरणारा एक, पार्सल घेणारा दुसरा. वूकॉमर्सच्या जुन्या धाटणीच्या चेकआउटमध्ये, म्हणजे ऑर्डर पक्की करायच्या पानावर, फोनचा रकाना बिलिंगच्या (पैसे भरणाऱ्याच्या) भागात असतो, शिपिंगच्या (पार्सल घेणाऱ्याच्या) भागात तो आपणहून येत नाही. त्यामुळे पार्सलवर नंबर जायचा बंगलोरच्या मुलाचा. कुरिअरवाला सोलापुरात बिल्डिंगखाली उभा राहून त्याला फोन लावणार, तो मीटिंगमध्ये, आई वर दुपारची पडलेली. पार्सल परत. जाताना भाडं, येताना भाडं, आणि परत आलेला चिवडा पुन्हा विकायचा तर नाहीच. वहिनींच्या वहीत अशा परतीच्या नोंदी लाल पेनाने होत्या. साइट करणाऱ्याला ती वही कुणी दाखवली नव्हती, त्यानेही मागितली नव्हती.

उपाय अगदी साधा. चेकआउटवर पहिलाच प्रश्न ठेवला, 'पार्सल कोण घेणार?' आणि दोन पर्याय: 'मी स्वतः' आणि 'दुसरं कुणी'. दुसऱ्यावर बोट ठेवलं की घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन. त्याखाली एक ओळ: 'कुरिअरवाला याच नंबरवर फोन करेल.' इतर फालतू रकाने काढून टाकले. 'कंपनीचं नाव' हा रकाना मेतकूट घेणाऱ्याला का विचारायचा, हे मला आजवर कळलेलं नाही.

चिवडा हलका, खोका जड

पुढचा दिवस मी पॅकिंगच्या टेबलापाशी काढला. वेब डिझायनरचं तिथे काय काम, असं काकूंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण खरा घोळ तिथेच होता.

कुरिअर कंपन्या नुसतं काट्यावरचं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. येणारा आकडा किलोंत. तो आणि काट्यावरचं वजन, दोन्हींत जे जास्त त्याचं भाडं. काकू बोहरी आळीतून एकाच मापाचे खोके आणत, ३५ बाय २५ बाय २०. एकाच मापाचे घाऊक घेतले की स्वस्त पडतात, हा हिशेब बरोबरच. पण त्याचा गुणाकार १७,५००, भागिले ५०००, म्हणजे साडेतीन किलो. आत काय? अर्ध्या किलोची चिवड्याची तीन पाकिटं आणि उरलेल्या जागेत चुरगळलेला पेपर. दीड किलो माल, साडेतीन किलोचं भाडं. साइटवर मात्र कुरिअर खर्च सरसकट एकच लावलेला. दीड किलोच्या अंदाजाने घेतलेले पैसे आणि साडेतीन किलोचं बिल यातला फरक प्रत्येक पार्सलमागे घरातून जात होता. ऑर्डरी वाढल्या असत्या तर तोटाही वाढला असता. एजन्सीचा व्हिडिओ लावून नेमकं तेच साधलं असतं.

दुसरं माप काढलं: २५ बाय २० बाय २०. गुणाकार १०,०००, म्हणजे दोन किलो. यात चिवड्याची दोन पाकिटं आणि भाजणी किंवा मसाल्याचा एक किलो बसतो, आणि काट्यावरही दोन किलोच्या आसपासच येतं. मोजलेलं वजन आणि भाड्याचं वजन जवळपास सारखं. चिवडा एकटा प्रवासाला निघाला की तोट्यात, भाजणी सोबत असली की परवडतो.

इथून साइटची रचना ठरली. चिवड्याच्या पानावर 'याच खोक्यात अजून एक किलो बसतं, कुरिअर तेवढंच' अशी पट्टी आली आणि खाली भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. 'तुम्हाला हेही आवडेल' छापाच्या सूचना सगळ्याच दुकानांत असतात आणि लोक त्यांच्याकडे बघतही नाहीत. ही सूचना खरी होती, गिऱ्हाइकाचे पैसे वाचवणारी होती, त्यामुळे ती वाचली गेली. हे कुठल्याही थीममध्ये विकत मिळत नाही, खोक्याला मोजायची टेप लावून बघितल्यावरच सुचतं.

पिनकोड आधी, रक्कम आधी

कुरिअरचा खर्च जुन्या साइटवर शेवटच्या पानावर उगवायचा, नाव-पत्ता सगळं भरून झाल्यावर. माणूस तिथून पळणारच. शिवाय ही नुसती वाईट सवय नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या डिझाइनबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असे १३ प्रकार सांगितलेत. किंमत थोडी थोडी करून उघड करणं हा त्यातला एक. त्याच यादीत खोटी घाई हाही प्रकार आहे, आणि साइटवर तोही होता. थीमबरोबर फुकट आलेलं एक प्लगिन (साइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) मेतकुटाच्या पानावर 'आत्ता १७ जण हे बघत आहेत' असं रात्री दोन वाजताही सांगत होतं. वहिनींना ते खरंच वाटत होतं.

ते काढलं. प्रत्येक वस्तूच्या पानावर किमतीच्या खालीच पिनकोडचा रकाना दिला. सहा आकडे टाकले की भाडं आणि पोचायचा अंदाज तिथल्या तिथे. यासाठी महागडी सेवा लागत नाही, पिनकोडच पुरेसं सांगतो. ४११ ने सुरू झाला तर पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड. पहिले दोन आकडे ४० ते ४४ असतील तर महाराष्ट्र, फक्त ४०३ म्हणजे गोवा. बाकी सगळं तिसऱ्या गटात. वूकॉमर्समध्ये शिपिंगचे झोन करताना ४११ पुढे तारांकन टाकलं की ते सगळे पिनकोड एका गटात येतात.

खरी घाई मात्र ठळकपणे लिहिली. दिवाळीत कढईची रोजची क्षमता ठरलेली असते. अनारसे तर त्याहून कमी, कारण पिठाला वेळ द्यावा लागतो. म्हणून वस्तूचा 'स्टॉक' म्हणजे गोदामातला माल न धरता त्या आठवड्यात होऊ शकणारे किलो असा धरला. आकडा संपला की पान स्वतःच पुढच्या आठवड्याची तारीख दाखवतं. 'वसुबारसेआधी पुण्याबाहेर पोचायला हवं तर या तारखेपर्यंत मागवा' ही ओळ कुठल्याही उलट्या घड्याळापेक्षा जास्त काम करते, कारण ती खरी असते हे गिऱ्हाइकाला माहीत असतं.

पैसे भरायचं पान

इथे खास पुणेरी काटकसर आडवी आली होती. पेमेंट गेटवेला, म्हणजे साइटवर ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेला, पैसे का द्यायचे म्हणून साइटवर क्यूआर कोडचं चित्र लावलं होतं. स्कॅन करा, पैसे भरा, स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवा.

गिऱ्हाईक साइट बघतंय मोबाइलवर. क्यूआर दिसतोय त्याच मोबाइलवर. स्कॅन कशाने करायचा? चटपटीत मंडळी स्क्रीनशॉट काढून ॲपमध्ये उघडायची. बाकीचे बायकोचा फोन मागायचे नाहीतर सोडून द्यायचे. पैसे आले तरी काम संपत नव्हतंच. वहिनी रोज संध्याकाळी बँकेच्या नोंदी, स्क्रीनशॉट आणि ऑर्डरी अशी तिहेरी जुळणी करत बसायच्या. दोनशे ऐंशी रुपये कुणाचे? नाव एकाचं, खातं भावाचं.

गेटवे घ्यायचं ठरलं तेव्हा काकूंनी अडवलं. "यूपीआयला पैसे पडत नाहीत म्हणतात ना? मग हे दोन टक्के कसले?" प्रश्न बिनतोड होता. यूपीआयवर व्यापाऱ्याला पडणारा आकार जानेवारी २०२० पासून शून्य आहे हे खरं. पण गेटवे त्याच्या सोयीचे पैसे घेतो, आणि कार्डावर तर आकार असतोच. साधारण दोन टक्के धरले आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, तर हजार रुपयांमागे २३ रुपये ६० पैसे. त्या बदल्यात मोबाइलवर बटण दाबलं की यूपीआय ॲप थेट रकमेसकट उघडतं, पैसे आले की ऑर्डर आपोआप पक्की होते आणि खोटा स्क्रीनशॉट पाठवायची सोयच राहत नाही. मी काकूंना एवढंच विचारलं, की वहिनींचा संध्याकाळचा वेळ तुम्ही किती रुपये तासाने धरता. उत्तर वहिनींनी दिलं, ते इथे लिहीत नाही.

घरपोच रोख हा वेगळा वाद. काकूंचं म्हणणं, लोकांना वस्तू हातात आल्यावर पैसे द्यायला बरं वाटतं. बरोबर. पण कपडा परत आला तर पुन्हा कपाटात जातो, करंजी जात नाही. शेवटी ४११ च्या पिनकोडांपुरतं ठेवलं, जिथे घरचाच मुलगा स्कूटरवर जातो. बाकी सगळीकडे आधी पैसे.

दिसण्याचं काम

दिसण्यातलं काही बदललंच नाही असं नाही. सगळ्यात वर पाच फोटो आपोआप सरकायचे, प्रत्येक फोटो मोबाइलमधून काढून तसाच चढवलेला, चार-चार एमबीचा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा असं गुगलचं मोजमाप सांगतं. इथे तेवढ्यात पहिल्या फोटोचा वरचा काठ यायचा. सरकते फोटो काढले, एकच ठेवला, १२०० पिक्सेल रुंदीचा, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये, दीडशे केबीच्या आत. हे काम वहिनी आता स्वतः करतात.

मराठी अक्षरांची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण पुण्यातल्या निम्म्या लहान दुकानांत हाच गोंधळ दिसतो. पाकिटावरचं लेबल छापखान्यात श्री-लिपीच्या जुन्या फाँटमध्ये बसवलेलं होतं. श्री-लिपी पुण्याचीच, मॉड्युलर इन्फोटेकची, आणि छपाईत तिने वर्षानुवर्षं चोख काम केलंय. पण जुने फाँट युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या सामायिक पद्धतीतले, नाहीत. तो मजकूर उचलून साइटवर चिकटवला की नुसती चित्रविचित्र चिन्हं. म्हणून आधीच्या मुलाने शक्कल लढवली: सगळ्या मजकुराचे फोटोच लावले. घटक पदार्थ, टिकाऊपणा, वापरायची पद्धत, सगळं चित्रात. गुगलला त्यातला मजकूर नीट मिळत नाही, डोळे अधू असलेल्या माणसाचा फोन ते वाचून दाखवत नाही, आणि मोबाइलवर अक्षर मुंगीएवढं.

सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं. फाँट घेतला 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या गटाचा 'मुक्त', फुकट आणि लहान आकारातही वाचता येणारा. ओळींमधलं अंतर वाढवलं, कारण इंग्रजीसाठी बेतलेल्या थीममध्ये वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत शिरतात. बटणांवर तर आणखी गंमत. थीमने इंग्रजी बटणं ऐटदार दिसावीत म्हणून अक्षरांत मोकळी जागा सोडायची सूचना दिलेली. देवनागरीत त्याने शिरोरेषाच तुटते. 'ऑर्डर करा'चे सुटे तुकडे कितीतरी दिवस साइटवर लटकत होते. सीएसएसमधली, म्हणजे साइटचं दिसणं ठरवणाऱ्या कोडमधली, एक ओळ शून्य केली.

शोधासाठी एक भर घातली. बरेच मराठी लोक 'भाजणी' शोधताना रोमन अक्षरांत लिहितात आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. नेहमीची दोन-तीन रूपं वस्तूच्या वर्णनात आणि पानाच्या पत्त्यात सहज येतील अशी बसवली, उगाच यादी चिकटवली नाही.

कागदपत्रं

हे थोडक्यात. एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांच्या परवान्याचा) १४ आकडी क्रमांक पाकिटावर होता, साइटवर नव्हता, टाकला. पाकीटबंद मालासाठी लागणारी निव्वळ वजन, एमआरपी, बनवणाऱ्याचा पत्ता ही माहिती प्रत्येक पानावर आणली. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम तक्रार अधिकारी नेमायला सांगतात: तक्रारीची पोच ४८ तासांत, निकाल महिन्याभरात. तिथे वहिनींचं नाव. 'एकदा घेतलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही' ही अस्सल पाटी मात्र काढायला लावली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. नवी ओळ: 'पाकीट फुटलेलं किंवा माल खराब असेल तर फोटो पाठवा, पैसे किंवा माल परत.'

जीएसटीबद्दल एक गैरसमज होता, उलाढाल ४० लाखांच्या आत म्हणजे नोंदणी नको. करपात्र माल परराज्यात विकायचा तर ही मर्यादा लागू होत नाही, नोंदणी करावीच लागते. बंगलोरची ऑर्डर साइटवर घ्यायची म्हणून सीएंकडे जावंच लागलं. एक दिलासा: पाकीटबंद चिवडा-फरसाणावरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. ते साइट करणाऱ्या मुलाच्या खात्यावर, त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर होतं. नूतनीकरणाची सूचना जाणार त्या ईमेलवर, जो आता तोही उघडत नाही. मुलगा भला, पहिल्या फोनवर ट्रान्सफर कोड दिला. न दिला असता, किंवा सापडलाच नसता, तर पाकिटावर छापलेला पत्ता हातचा गेला असता. नवं काम सुरू करण्याआधी डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) मालकाच्या नावावर आणून घेतल्याशिवाय मी एका रंगालाही हात लावत नाही.

नंतर

दिवाळीत साइटवरच्या ऑर्डरी वाढल्या. त्याचं सगळं श्रेय मी घेणार नाही, दिवाळीत त्या एरवीही वाढतातच. जास्त भरवशाची खूण व्हॉट्सॲपमध्ये आहे. 'कुरिअरचे किती' आणि 'पैसे पोचले का' जवळपास बंद झालं. आता विचारतात, 'चिवडा कमी तिखट करून द्याल का?' लाल पेनाच्या नोंदी तुरळक झाल्या. संध्याकाळची जुळणी गेली. एजन्सीचा व्हिडिओ झाला नाही, आणि काकूंनी चक्कीही घेतली नाही.

फोनवरच्या ऑर्डरी बंद करायचा माझा आग्रह होता, तो मानला गेला नाही. काकू आजही फोन घेतात, वहिनी ती ऑर्डर मागच्या बाजूने साइटवर चढवतात, म्हणजे हिशेब एका जागी राहतो. हे माझ्या योजनेपेक्षा बरं चाललंय.

राहिला प्रश्न परदेशाचा. मुलं अमेरिकेत, मागणी भरपूर. पण अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली, आणि खाद्यपदार्थ पाठवायचे तर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला आगाऊ सूचनाही द्यावी लागते. एवढ्या छोट्या व्यवसायाने त्यात पडू नये असं माझं मत, आणि साइटवर सध्या भारताबाहेरचा पत्ता घेतला जात नाही. वहिनींनी वेगळीच टूम काढली आहे. नातू-मुलांना भेटायला निघालेल्या पुण्यातल्या आजी-आजोबांसाठी, चेक-इन बॅगेत बसेल असं चपटं, दुहेरी सीलचं पॅकिंग. निघायच्या आदल्या दिवशी घरपोच. मापं काढून झाली आहेत. अनारसे त्यात द्यायचे की नाहीत यावर दोघींचं अजून एकमत नाही, आणि ते होईपर्यंत पान तयार असूनही लाइव्ह करू नका असं मला बजावलेलं आहे.